फक्त झाडांचं बोला

आलापल्लीत बागकामाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, असं सांगितलं की नागपूर-पुण्याचे नातेवाईक हसतात. "दाराबाहेर एवढं जंगल आणि तुम्ही कुंडीत मोगरा लावता?" त्यांना एक गोष्ट कळत नाही. जंगल आमच्या दाराबाहेर असलं तरी ते आमचं नाही. त्यातलं सागवान वनविभागाचं, बांबू कुठे वनविभागाचा तर कुठे ग्रामसभेचा, तेंदूपानं ठेकेदाराची आणि उरलेला पाला वानरांचा. भामरागडच्या रस्त्याला 'वनवैभव' नावाचा सुमारे ६ हेक्टरांचा तुकडा आहे. १९५३ पासून तो राखून ठेवलेला आहे आणि २०१४ साली ते महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. तिथल्या सागाकडे मान वर करून बघायचं आणि परत यायचं. माणसाची स्वतःची सत्ता चालते ती घरामागच्या सांदवाडीत: चार वांगी, दोन मुनगे, कुडावर चढलेला वाल आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ. एवढ्या राज्याचा कारभार नीट चालावा म्हणून हा ग्रुप निघाला आणि ॲडमिनपद माझ्या गळ्यात पडलं.

सभासदांत कोण नाही? निवृत्त वनपाल आहेत, गुरुजी आहेत, दवाखान्यातल्या सिस्टर आहेत, किराणावाले काका, एसटीतले कंडक्टर भाऊ, अहेरीचे एक वकीलसाहेब आहेत. शिवाय बदली होऊन पुण्याला गेलेले पण ग्रुप न सोडलेले एक साहेब आहेत. त्यांच्याकडे आता जमीन फक्त बाल्कनीपुरती आणि मतं मात्र एकरात.

ग्रुपच्या माहितीत पहिला नियम ठळक अक्षरांत लिहिला होता: 'इथे फक्त झाडांचं बोलावं. राजकारण, धर्म, जात आणि गुड मॉर्निंग यांना सक्त मनाई.' यातली गुड मॉर्निंगची मनाई दुसऱ्या दिवशी पहाटेच मोडली. हरकत घेतली तेव्हा काका म्हणाले, "गुलाबाचा फोटो हाय न जी. गुलाब झाड नाही काय?" गुलाब झाड आहे, हे मान्य करावंच लागलं. त्याच फटीतून मग पुढचं सगळं आत आलं.

बागेच्या ग्रुपवर राजकारण टाकणाऱ्यांच्या जाती असतात, आणि माळ्याला किडी ओळखता आल्या पाहिजेत तशा ॲडमिनला त्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली जात 'फक्त माहितीसाठी'वाल्यांची. किराणावाले काका यातले. त्यांच्या मजकुरावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेले' असा दुहेरी बाण असतो, शेवटी 'खरं असेल तर पुढे पाठवा' असं असतं, आणि खरं आहे का हे बघायचं काम वाचणाऱ्याकडे असतं. असला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने २०२० साली घातली. काका ते एकच ठिकाण म्हणून आमचा ग्रुप निवडतात, यात त्यांचं प्रेमच आहे.

दुसरी जात झाडाआडून बोलणाऱ्यांची. जास्वंदीचा उत्तम फोटो आणि खाली ओळ: 'असाच आपला देश फुलत राहो, काही लोकांना बघवत नसलं तरी.' आता जास्वंदीवर कोणाचा आक्षेप असणार? पण 'काही लोक' म्हणजे आपणच, अशी खात्री ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना एकाच वेळी होते.

तिसरी जात सगळ्यांत कष्टाळू. तिचे आमच्याकडचे प्रतिनिधी वकीलसाहेब. त्यांचा मजकूर सुरू होतो: 'ॲडमिन, कृपया लक्ष द्यावे. हा ग्रुप झाडांचा असून येथे राजकारण नसावे. तथापि वरील दिशाभूल करणाऱ्या विधानास उत्तर देणे क्रमप्राप्त असल्याने...' आणि तिथून 'अधिक वाचा' दाबत गेलं की आपण १९४७ पासून चालत चालत आजच्या भावापर्यंत येतो. शेवटी पुन्हा 'राजकारण बंद करा ही विनंती' असतं. म्हणजे बंद करायचं, पण आपलं सांगून झाल्यावर.

चौथे गुरुजी. ते कधीच काही लिहीत नाहीत, फक्त अंगठा देतात. काकांनाही देतात आणि वकीलसाहेबांनाही. दोघंही त्यांना आपल्या बाजूचे समजत होते. मग कुणाच्या तरी आजोबांच्या निधनाच्या बातमीलाही त्यांनी अंगठा दिला, तेव्हा उलगडा झाला की त्यांना बाकीची चित्रं सापडतच नाहीत.

या सगळ्यात आमचं नेटवर्क भर घालतं. पावसाळ्यात वारावादळ सुटलं की टॉवर बसतो. मग रात्रभर शांतता. सकाळी नेटवर्क आलं की तुंबलेलं सगळं एकदम उतरतं. वकिलांचं उत्तर वर, काकांचा आरोप खाली आणि मध्येच कंडक्टर भाऊंचा प्रश्न: 'टमाटरवर करपा आला आहे, काय मारावं?' त्याच्या लगेच खाली पुण्याच्या साहेबांचं: 'यांना २०२९ मध्येच धडा शिकवा.' भाऊंनी प्रामाणिकपणे विचारलं, "साहेब, तोवर टमाटर टिकन काय?"

पण सगळा दोष माणसांच्या माथी मारणं बरोबर नाही. झाडंही काही कमी नाहीत.

सिस्टरांनी अंगणात प्लास्टिकच्या टबात कमळ लावलं. आमच्या उन्हाळ्यात, जिथे बादलीतलं पाणी दुपारी चहालायक होतं, तिथे कमळ जगवणं ही सोपी गोष्ट नाही. पहिलं फूल आल्यावर त्यांनी कौतुकाने फोटो टाकला आणि विचारलं, 'पाण्यात डासांच्या अळ्या दिसतात, गप्पी मासे सोडू का?' त्यावर काकांचं 'येणार तर तेच', वकिलांचं 'चिखल मात्र भरपूर दिसतो', पुण्याहून हात जोडल्याची आठ चित्रं, आणि गुरुजींचा अंगठा. गप्पी माशांवर कोणी बोललं नाही. अळ्यांचे डास झाले, तरी चर्चा चालूच होती.

मग कंडक्टर भाऊंनी, अगदी निरागसपणे, लिहिलं: 'सांदवाडीत काँग्रेस गवत लय झालं. मुळासकट कसं काढावं?' एवढं एकमुखी स्वागत ग्रुपवर त्याआधी कोणत्याच प्रश्नाचं झालं नव्हतं. एका बाजूने उपटण्याचे उपाय आले, दुसऱ्या बाजूने 'ते कुठेही उगवतं, कोणाच्या बापाला संपत नाही' असा अभिमान आला. वनपाल बिचारे खरी माहिती देत होते. हे गाजर गवत अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात, १९५०च्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात नजरेत भरलं, अंगाला खाज सुटते म्हणून हातमोजे घालून, फुलं येण्याआधी उपटावं, आणि मेक्सिकोहून मुद्दाम आणलेला झायगोग्रामा नावाचा भुंगा त्याची पानं खातो. यात परदेशी हात आहे हे पुण्याच्या साहेबांनी लगेच ओळखलं. गवत पुण्यातून आलं याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

मी नवा नियम लिहिला की पक्षांशी संबंध येईल अशा झाडांची नावं टाळावीत. तेव्हा गुरुजींनी अंगठा सोडून पहिल्यांदाच मजकूर टाकला, आणि तो निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीचा होता. अपक्षांना वाटायच्या त्या यादीत भेंडी आहे, हिरवी मिरची आहे, ढोबळी मिरची, फ्लॉवर, मटार, आलं, फणस, अननस, कलिंगड आणि नारळाची बागही आहे. म्हणजे आयोगाने आमची निम्मी भाजी आधीच उमेदवारांना देऊन ठेवलेली. 'भेंडीवर मावा पडला' हे वाक्यही मग मतदारसंघ बघूनच लिहावं लागेल. गुरुजींनी पुढे जोडलं की उत्तर प्रदेशात २०१२च्या निवडणुकीआधी आयोगाने उद्यानांतले हत्तींचे पुतळे झाकायला लावले होते. तेव्हा आचारसंहितेच्या काळात सिस्टरांनी टबावर टोपली उपडी ठेवावी का? वनपाल म्हणाले, "मंग आपल्या कमलापूरच्या कॅम्पातल्या हत्तीयले काय पांघरवता?" ते खरेखुरे हत्ती. २०२२ साली त्यांना गुजरातला न्यायची गोष्ट निघाली तेव्हा लोकांनी विरोध केला. हत्तीला स्वतःला राजकारणात रस नसला तरी राजकारणाला हत्तीत असतोच.

इथे मला पहिल्यांदा शंका आली की नियमच चुकीच्या जमिनीत लावला आहे. पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर 'फक्त झाडांचं बोला' म्हणता येत असेल. आमच्याकडे झाड म्हटलं की सरकार सावलीत बसलेलंच असतं.

सागाचंच घ्या. एकाने सागाच्या रोपाचा फोटो टाकला. दोन पानं, त्यातलंही एक फाटकं. लगेच आठवण निघाली की मार्च २०२३मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान बल्लारपुरातून वाजतगाजत निघालं. मग दुसऱ्याने सांगितलं की दिल्लीच्या नव्या संसद भवनातही आपलंच लाकूड आहे. सरकारी यादीत त्याला 'नागपूरचं सागवान' म्हटलंय, पण नागपुरात सागाची टाल असते, जंगल नसतं, याबद्दल आलापल्लीत दुमत नाही. आता देवळाच्या दारातही आपण आणि लोकसभेच्या बाकातही आपण, म्हटल्यावर वाद तर होणारच. तिकडे सभागृहात बाकं वाजवतात, तेव्हा आमच्याकडे अभिमानाने म्हणतात, "आइका, आपला साग वाजून राहिला."

बांबूची गोष्ट याहून मजेची. १९२७च्या वन कायद्याने बांबूला 'वृक्ष' ठरवलं. वनस्पतिशास्त्र सांगत होतं की ते गवत आहे. कायद्याला ते पटायला २०१७ साल उजाडलं, आणि तेही जंगलाबाहेर लावलेल्या बांबूपुरतं. त्याआधी एप्रिल २०११मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या वनहक्काच्या जंगलातला बांबू बाहेर नेता यावा म्हणून केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका गवताच्या पावतीसाठी एक केंद्रीय मंत्री आणि एक मुख्यमंत्री! आता कोणी 'कुंपणाला बांबू लावू का?' असं विचारलं, तर त्यात राजकारण येऊ नये कसं?

मोहाचंही तेच. फुलं वेचली, वाळवली, लाडू केले, तर ती पाककृती. तीच फुलं जरा जास्त दिवस भिजली तर गुन्हा, कारण गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली गेली. म्हणजे एकाच वाऱ्याने हललेल्या मोहाचं फूल वैनगंगेच्या या काठाला वेगळ्या कायद्यात पडतं आणि त्या काठाला वेगळ्या. 'मोहफुलं किती दिवस भिजवावी?' हा प्रश्न ग्रुपवर आला तेव्हा पोलीस खात्यातल्या सभासदाने तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या आणि विचारणाऱ्याने मजकूर खोडला.

साधं रोप लावणंही निष्पाप राहिलेलं नाही. वनमहोत्सव सुरू केला तोच मुळात एका मंत्र्याने, कन्हैयालाल मुनशींनी, १९५० साली. आपल्या राज्यात २०१६ साली २ कोटी रोपांनी सुरुवात झाली आणि २०१९मध्ये आकडा ३३ कोटींवर गेला. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार शेजारच्या चंद्रपूरचे, त्यामुळे आमच्याकडे जरा जास्तच जोर. पुढे सरकार बदललं, चौकशी लागली, विधिमंडळाची समितीही नेमली गेली. समिती रोपं मोजत होती आणि शेळ्या त्यांच्या आधी मोजून गेल्या होत्या.

मधल्या काळात मी रीतसर उपाय करून बघितले. आधी ताकीद दिली. तिला गुरुजींचा अंगठा मिळाला. मग 'फक्त ॲडमिन बोलू शकतात' ही कळ दाबली. ग्रुप इतका शांत झाला की लोक घरी येऊन विचारू लागले, "तब्येत बरी हाय न जी तुमची?" मग राजकारणासाठी वेगळा ग्रुप काढून दिला. तिकडे सगळे गेले, आणि एक अक्षर कोणी लिहिलं नाही. काका म्हणाले, "तिकडं सारे राजकारणवालेच हायेत. सांगाव कोनाले?" तेव्हा कळलं की राजकारणाला मांडव लागत नाही, दुसऱ्याची मिरवणूक लागते.

काढून टाकण्याचा अधिकार होताच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात २०२१ साली सांगितलं आहे की ॲडमिनच्या हाती सभासद घेणं आणि काढणं एवढंच असतं. कट एकत्र शिजलेला नसेल तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. निकाल वाचून बरं वाटलं. पण खंडपीठाला आठवडी बाजार करावा लागत नाही. काकांना सकाळी ग्रुपमधून काढलं की संध्याकाळी त्यांच्याच दुकानातून गूळ आणायचा असतो. शिवाय काढायचं कोणाला आणि कोणत्या बाजूचा म्हणून? २०२४ साली आमच्या अहेरी मतदारसंघात वडील, मुलगी आणि पुतण्या असे तिघं एकमेकांसमोर उभे होते. तिथे भाऊकी आणि पक्ष वेगळे करताना भलेभले थकले. मी तर साधा ॲडमिन.

मार्ग काढला सिस्टरांनी, आणि तोही नियम न करता. काकांनी एका पहाटे परराष्ट्र धोरणावर लांबलचक फॉरवर्ड टाकला. खाली सिस्टरांनी लिहिलं: "काकाजी, मागं तुमच्या वांग्याले शेंडेअळी लागली होती, ते शेंडे खुडले काय?" बस, एवढंच. धोरणाबद्दल होकार नाही, नकार नाही. काका जरा गप्प झाले आणि मग लिहिलं: "खुडले. पन पुन्हा आली." वनपाल उतरले: खुडलेले शेंडे तिथेच टाकू नका, जाळा किंवा पुरा, कामगंध सापळा लावा, निंबोळी अर्क फवारा. वकीलसाहेबांनी आपल्याकडचा जास्तीचा सापळा देऊ केला. पुढच्या बाजारच्या दिवशी तो काकांच्या दुकानात पोचलाही. ज्यांचं देशाच्या सीमेवर एकमत होत नव्हतं, त्यांचं शेंडेअळीबाबत कोणतंच दुमत नव्हतं.

तेव्हापासून ही रीत पडली. कोणी काहीही टाको, उत्तर त्याच्या सांदवाडीबद्दल द्यायचं. 'देश धोक्यात' याला 'तुमच्या मुनग्यावर सुरवंट आहेत का अजून?' आणि 'हुकूमशाही आली' याला 'सांबार (म्हणजे कोथिंबीर) पेरला का या साली?' चिडायला जागा मिळत नाही. उलट गोची होते, कारण दिवसभर दिल्ली चालवणाऱ्या माणसाने तुळशीला पाणी घातलेलं नसतं, आणि ते आता चारचौघांत सांगावं लागतं. पुण्याच्या साहेबांना बाल्कनीचा फोटो मागितला तेव्हा एक वाळका पुदिना आणि तीन रिकाम्या कुंड्या निघाल्या. त्यांच्या मतांचं एकराचं पीक त्या दिवसापासून बरंच कमी झालं. पुदिन्याच्या काड्या मात्र त्यांनी कुरिअरने मागवल्या.

याचा अर्थ ग्रुपवरून राजकारण गेलं असा नाही. उलट आता ते रोजच असतं, पण आमचं असतं. कंडक्टर भाऊंनी पानांचा फोटो टाकला: वरून तांबूस थर, पानं मलूल. 'कोणता रोग?' वनपालांनी निदान केलं, 'खनिजाचे ट्रक.' यावर झालेली चर्चा पूर्णपणे राजकीय होती आणि पूर्णपणे बागकामाची होती. पानं धुवावीत कशी, रस्त्याकडेला दाट कुंपण कशाचं करावं, रस्त्यावर पाणी मारायला कोणाला सांगावं, अर्ज कोणी लिहावा. वकीलसाहेबांची भाषा तिथे पहिल्यांदा कामी आली. 'तथापि' आणि 'क्रमप्राप्त' यांना योग्य जागा अर्जातच असते. काकांनी अर्जावर पहिली सही केली. रोपवाटिकेतून रोपं कधी मिळणार, रानडुकराने नासधूस केली तर पंचनामा कोण करतो, मेंढा-लेख्यासारखं आपल्या ग्रामसभेला काय करता येईल, हेही बोलणं चालतं. यातलं काहीही खोडावंसं मला वाटलेलं नाही. ज्याची धूळ आपल्या वांग्यावर बसते ते राजकारण बागेतलंच. बाकीच्यासाठी टीव्ही आहे, आणि तो बिचारा चोवीस तास राबतो.

अलीकडे जिल्हा परिषदेचे एक इच्छुक ग्रुपवर आले. आल्या आल्या त्यांनी फोटो टाकला: एक रोप, त्याला धरलेले नऊ हात आणि पाठीमागे रोपापेक्षा मोठा फलक. ग्रुपवर पक्षाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सिस्टरांनी विचारलं, "कायचं झाड हाय, भाऊ?" उत्तर आलं नाही. कंडक्टर भाऊंनी विचारलं, "जाळी लावली काय? शेळ्या हायेत तिकडं." उत्तर आलं नाही. मग काकांनी, ज्यांचा आणि इच्छुकांचा पक्ष एकच, लिहिलं: "पानी कोन टाकून राहिलं त्याले?"

बराच वेळ वरच्या पट्टीत 'टाइप करत आहे' दिसत होतं. मग इच्छुक ग्रुप सोडून गेल्याची ओळ आली. गुरुजींनी अंगठा दिला.